हौदातलं हिरवं

अन् तरीबी चूक माझीच म्हणशील तू, माय. पण ह्या खेपेला मी ऐकून घेणार नाही. हे सगळं तुझ्या शिकवणीपायी झालं. नव्या कामाचा माझा पहिलाच दिवस. साहेबानं सांगितलं, ह्या टाक्यांवर नजर ठेव, पाणी कमी झालं की घाल, पाखरं बसू देऊ नको. मी बघतो तर टाक्या म्हणजे नुसती घाण. वीतभर पाणी, त्यावर निळसर हिरवा जाड थर, जागोजागी बुडबुडे. माझ्या हाताला खाज सुटली. तू असतीस तर माझा कानच पिरगाळला असतास, की डोळ्यांदेखत असलं पाणी ठेवून बसलास कसा. म्हणून साहेब जेवायला गेला तसा मी कुंचा घेतला अन् पहिली टाकी तळापासून खरडून, धुऊन, आरशावाणी केली. निघालेली खरवड कुंपणाबाहेर नेऊन फेकली. अन् साहेब येईपर्यंत शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

साहेब आला, टाकीत वाकून बघितलं अन् तिथंच काठावर बसला. "ये क्या किया रे?"

"काई निकाली, साहेब. बहुत गंदा था."

"अरे बाबा, वो काई ही तो हमारी फसल है!"

शेवाळाचं पीक, माय! मला वाटलं, सकाळी लागलेली नोकरी दुपारी गेली. पण तो टाकीकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा, अन् मग असा हसत सुटला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाला, "इतना साफ करना किसने सिखाया?" म्हणालो, माँ ने. "फिर तो तुझे निकाल भी नहीं सकते," म्हणाला, अन् कुंपणाबाहेरची खरवड परत गोळा करायला लावली. तर तुझ्यापायी नोकरी जायची होती अन् तुझ्याचपायी राहिली. हिशेब कसा करायचा तो तूच कर.

मी कुठं आहे हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. दुष्काळ सरला, त्यानंतर थोड्याच पावसाळ्यांत तू गेलीस. मी तेव्हा घरीच होतो, एवढं एक माझ्या हातून नीट झालं. मग मला घरात बसवेना. नांदेडला हमाली केली, माहूरच्या गडाखाली एक सबंध जत्रा नारळ विकले, हैदराबादेकडं विटा थापल्या, अन् फिरत फिरत गुजरातेत दर्याच्या काठाला आलो. आधी लागलो ते मिठागरात. हसशील तू. आपल्या पांढरीतल्या मिठाला कंटाळून पोरगं पळालं ते थेट मिठाच्या ढिगावरच येऊन पडलं. पायाच्या भेगांत मीठ शिरलं की रात्रभर आग व्हायची. मिठागराच्या शेजारी सरकारी शेत होतं, खाऱ्या जमिनीत साळ कशी येईल ते बघायचं. तिथं गडी पाहिजे होता. साळीचं मला काय येत नव्हतं, पण खाऱ्या जमिनीचं विचारलं तेव्हा म्हणालो, साहेब, मी तिच्यातच मोठा झालो.

खोटं नव्हतं ते. आपल्या वस्तीच्या खालच्या अंगाचा तो गायरानाचा तुकडा. कुणालाच नको होता म्हणून आपल्याला कसू दिला. पावसाळ्यात पाणी तुंबायचं, मुरायचं नाही, अन् उन्हाळ्यात चुना सांडल्यागत पांढरा पडायचा. गाव त्याला पांढरी म्हणायचं. वरच्या आळीतले म्हणायचे, ह्यांना भाजीत मीठ घालायची गरज नाही, रानातूनच खरवडून आणतेत. तू ऐकून घ्यायचीस अन् दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तिथंच खुरपं घेऊन उभी. पेरलेली ज्वारी बोटभर यायची, शेंडे पिवळे पडायचे, मग करपून आडवी व्हायची. आडवी झाली की तू पुन्हा टोकायचीस. मी म्हणायचो, माय, ह्या जमिनीला आपली गरज न्हाई. तू म्हणायचीस, "तिला नसंल. आपल्याला हाय."

दुष्काळात तर तू कमालच केलीस. दिवसभर दुष्काळी कामाच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहायचीस, अन् सांजच्याला पांढरीच्या कडेच्या विहिरीतून घागरी काढून वांग्याच्या चार रोपांना घालायचीस. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या, ती तेवढी राहिली, कारण तिचं पाणी मचूळ, कुणी उपसायचंच नाही. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. तू चुलीपुढं घामानं निथळत डाळ घोटायचीस अन् वर म्हणायचीस, "बघ, मीठ वाचलं." रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची ती भाकर, तिला ना चव ना वास, अन् तुझी ती न शिजलेली डाळ. आक्का अन् मी, दोघं भावंडं तोंड वाकडं करायचो. तू मात्र असं जेवायचीस की जणू जावयाच्या घरी पंगतीला बसलीस.

एकदा मी घागर धरली होती तुझी. आठवतंय का? म्हणालो, "माय, हे पाणीच मारायलंय वांग्याला. त्यातलं मीठ खाली बसायलंय."

"अन् बिनपाण्याचं काय जगतंय का?"

ते पाणी घातलं तर हळूहळू मरतंय, न घालावं तर लगेच. तू हळूहळूवालं निवडलंस. इकडं रोज खाऱ्या वाफ्यात उभा राहून मी हाच विचार करतो, की दुसरं काय निवडलं असतं कुणी.

पण आपलं खरं भांडण त्यावरून नव्हतं. ते हौदावरून होतं. घराम्होरचा तो शहाबादी फरशीचा हौद. दर पौर्णिमेला विहारात जायच्या आधी तो रिकामा करून घासायचा, हा तुझा नेम. पांढरं लुगडं दांडीवर वाळत, अन् मी हौदात उतरून शिंदीच्या कुंच्यानं शेवाळ खरडतोय. एक हिरवा ठिपका कोपऱ्यात राहिला की तू बोट लावून दाखवायचीस. "हे काय? हे तुझ्या सासूला ठेवलंस का?" मी म्हणायचो, भांडीच तर घासायचीत ह्या पाण्यात. तू म्हणायचीस, "आपलं पाणी बघून कुणी नाक मुरडायचं न्हाई." वरच्या आळीचा तो म्हातारा भर उन्हात बैल घेऊन आला होता. हौदात वाकून बघितलं, तळाची फरशी दिसत होती एवढं नितळ पाणी. बैलाला पोटभर पाजलं, अन् स्वतः कोरड्या तोंडानं निघून गेला. मला लई राग आला होता. तू पदर खोचत म्हणालीस, "जाऊ दे. बैलाला तरी कळतंय." अन् पुढच्या पौर्णिमेला मला अजून एक कोपरा जास्त घासायला लावलास.

निघालेलं शेवाळ दारात ठेवायचं नाही, उकिरड्यावरबी नाही, कारण उकिरडा रस्त्यावरून दिसतो. म्हणून तू म्हणायचीस, पांढरीत टाक, तिथं तसंबी काय येतंय. मी बांधाजवळच्या एकाच कोपऱ्यात पाटी उपडी करायचो, पुढं जायचा कंटाळा. अन् दुष्काळ सरला त्या पावसात सगळी पांढरी पांढरीच राहिली, पण त्या कोपऱ्यात हरळी आली. चादरीएवढी हिरवी जागा. मी धावत येऊन सांगितलं, शेवाळामुळं आलंय. तू म्हणालीस, "म्हैस बसती तिथं. शेणामुताचं हाय ते."

"म्हैस तर दुष्काळातच इकली आपण!"

"मग आधीचं असंल."

तिथंच ते भांडण थांबलं. तुझ्यापुढं कुणाचं चाललंय.

आता ऐक. साहेबाच्या टाक्यांत होतं ते शेवाळच, पण त्यातलं नेमकं एक. साहेब म्हणाला, प्रत्येक हिरवी घाण खत नसते, म्हणून तुझ्या हौदातल्याचा वाटा किती अन् म्हशीचा किती हे आता कुणी सांगू शकत नाही. तुझं निम्मं मी मान्य करतो. पण हे जे निळं-हिरवं असतं ते उभ्या पाण्यात वाढतं, हवेतलं खत ओढून घेतं, अन् मेल्यावर जमिनीत मिसळून तिला भुसभुशीत करतं. वरची ती चुन्यागत कडक पापडी फुटते, पाणी खाली उतरायला लागतं, अन् उतरताना मीठ बरोबर घेऊन जातं. रोपाच्या मुळाला जरा उसंत मिळते. जादू नाही. आधी बांध घालावा लागतो, शेणखत लागतं, जिप्सम लागतं, मिठाचं पहिलं पाणी काढून द्यावं लागतं. साहेब हे सांगत होता अन् मला दिसत होती आपली पांढरी, जिथं पाणी तुंबतं म्हणून आपण कपाळाला हात लावायचो. साळीला तुंबलेलंच पाणी पाहिजे असतंय, माय. ज्वारी टोकत बसलो आपण.

मी तरीबी काही केलं नसतं. माझं तुला ठाऊकच आहे. पण गावाकडून एकजण मिठागरात कामाला आला, त्यानं सांगितलं, आपला भाग आता उस्मानाबादेत नाही, लातूर नवा जिल्हा झाला. नवी कचेरी, नवे साहेब. गायरानाची नवी पाहणी होणार. ज्याचं पीक उभं दिसंल त्याचा ताबा लिहायचा, पडीक दिसलं की सरकारजमा. आक्का अन् दाजी तुझ्या माघारी पांढरी धरून होते, पण पीक म्हणावं असं काय होतं तिथं? बाभळी अन् मीठ. तुझी सगळी टोकणी कागदावर "पडीक" ह्या एका शब्दात जाणार होती. ज्या जमिनीला मी जिंदगीभर नावं ठेवली ती जाणार म्हणून मला का वाईट वाटावं? पण वाटलं.

साहेबाकडून वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे मागून घेतले. पिशवी घेऊन गाडीत बसलो अन् घरी गेलो. आक्कानं आशेनं पिशवी उघडली. "एवढ्या लांबून काय आणलंस म्हणं? हे काय हाय?"

"शेवाळ."

दाजी बाजेवरूनच म्हणाले, "लोक गुजरातेतून लुगडी आणतेत. आमचे मेव्हणे शेवाळ आणतेत. मानलं बुवा."

आक्का हसली नाही. मी जेव्हा म्हणालो की हे वाढवायला हौद लागंल, तेव्हा तिचा चेहराच उतरला. "मायचा हौद? त्यात शेवाळ? ती मसणातून उठून येईल रे." खरंच तिनं तुझ्यागत हौद चकचकीत ठेवला होता. दोन दिवस अबोला धरला तिनं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच हौदातलं पाणी उपसलं अन् मला म्हणाली, "टाक काय टाकायचं ते. जमीन गेली तर हौद घासून काय करू?" मग चाळलेली माती अंथरली, मूठभर सुपर फॉस्फेट, वीतभर पाणी, अन् दुधाला विरजण लावावं तसे ते पापुद्रे वरून भुरभुरले. उन्हात आठ-पंधरा दिवसांत पाणी झाकून जातं. मग वाळू द्यायचं, पापड सुटावा तसं सुटतं. शिंदीचा तो कुंचा आक्कानं आढ्याला खोचून ठेवला, की माझा हात तिकडं जायला नको.

पहिल्या वर्षी काही जमलं नाही. एका पावसानं बांध फोडला, शेवाळ, रोपं, जिप्सम सगळं नाल्याला. वरच्या आळीतला एकजण बांधावर उभा राहून म्हणाला, "कामून परेशान होता? तिथं ताबा तुमचा न्हाई, मिठाचा हाय." मी इकडं परत आलो. मला वाटलं आक्का सोडून देईल. पण ती तुझी लेक. तिनं अन् दाजीनं उन्हाळाभर बांधाच्या अंगाला दगड रचून पिचिंग केलं. पाहणी वर्षभर लांबली, सरकारची कृपा. ह्या पावसाळ्यात लावणीला मी रजा काढून गेलो. लावणी झाल्यावर आठवडाभरानं पाणी उभं असताना आक्का चोळीच्या खणात पापुद्रे घेऊन निघाली, अन् पेरणीला टाकतात तशी मूठ फिरवत वाफ्यातून चालली. थोड्याच दिवसांत रोपांच्या मधल्या पाण्यावर हिरवी साय धरली. मी इकडं आलो ते जीव मुठीत धरून.

पाहणी आश्विनात ठरली तेव्हा पुन्हा गेलो. साहेब म्हणाला, तू नोकरी करतोस का येरझाऱ्या? पण सोडलं.

माय, बांधावर गेलो अन् मला आधी वाटलं मी दुसऱ्याच्या रानात आलो. सगळीकडं सारखी नव्हती, मधे मधे टकलं होती, खालच्या टोकाला तर अजून पांढरंच. पण साळ उभी होती. लोंब्या वाकल्या होत्या. तलाठी आला, बांधावरून बघू म्हणाला, पण बरोबरचा मोजणीवाला म्हणाला आत जाऊन बघा, बांधावरून गवतबी साळच दिसतं. तलाठी चार पावलं आत गेला अन् एक बूट चिखलातच राहिला. दाजींनी कोपरापर्यंत हात घालून तो काढून दिला.

"हे खाली हिरवं काय हाय?" तलाठ्यानं नाक मुरडलं.

"खत हाय, सायेब," आक्का म्हणाली.

"शेवाळ दिसतंय."

"शेवाळाचंच खत हाय."

"असं व्हय? मग आमच्या मोरीत लई हाय. येऊन घेऊन जावा."

सगळे हसले. आक्काबी हसली, पण तिची नजर त्याच्या हातातल्या पेनावर होती. त्यानं एक लोंबी तोडली, दाणा दातानं फोडला, चावला. मला मिठागरात कधी एवढी तहान लागली नव्हती. मग तो कागदावर वाकला अन् लिहिता लिहिता मोठ्यानं बोलला, "पीक, साळ. ताबा..." अन् आक्काकडं बघितलं. आक्कानं आपलं नाव सांगितलं, अन् तुझं नाव विचारलं नसताना तेबी सांगून टाकलं. तो म्हणाला, ते लागत नाही, बाई. ती म्हणाली, "नसू द्या. ऐकून तरी घ्या."

सगळे गेल्यावर आम्ही तिघं बांधावर नुसते बसलो. छातीवरचं जातं कुणी उतरवून ठेवलं असं झालं. दाजी हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला लुगडंबी आणा, मेव्हणे." मग आक्का इतकी हसली की तिला रडायलाच आलं.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा साळ कांडून पहिला भात केला. तू भात सणालाच करायचीस, वाटीनं उकरून सगळ्यांना सारखा वाढायचीस. आक्कानं तसाच वाढला. पहिला घास चुलीच्या कडेला ठेवला, तू बसायचीस तिथं. भाताला काही खारट चव नव्हती, मी नीट लक्ष देऊन खाल्ला. डाळबी चांगली शिजली होती. मला एकदम टायरच्या त्या वहाणा आठवल्या. मी दुष्काळात दुसऱ्यांदा पळून नांदेडला जाऊन आलो होतो, रेल्वे बघायला. तू मारलं नाहीस. पगाराच्या दिवशी जळकोटच्या बाजारातून वहाणा आणल्यास अन् अंगावर फेकल्यास. "घे. पळायचंच हाय तर अनवाणी पळू नगं. काटं मलाच काढावं लागतेत." स्वतःच्या पायाला तेव्हा पोत्याचं फडकं होतं तुझ्या. त्या वहाणांवर मी कुठं कुठं गेलो, अन् शेवटी कशासाठी परत आलो बघ.

हे कागद कुठं टाकायचे ते मला ठाऊक नाही. पेटीत कपड्यांखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं, अन् ते आक्काला मी सांगितलेलं नाही. भांडण मी जिंकलो म्हणून तिच्यापुढं लई मिरवलो. पण खरं असं, की दिवाळीत घरात पाऊल टाकताना तो हिरवा झालेला हौद बघितला अन् मला लाज वाटली. रस्त्यावरून जाणारा कुणी वाकून बघंल अन् नाक मुरडंल असं वाटलं. त्यातलंच हिरवं जमिनीला घालून आपण जमीन राखली, हे ठाऊक असून वाटलं. पहाटे कुणी उठायच्या आत मी आढ्याचा कुंचा काढला अन् हौदाची बाहेरची बाजू तेवढी घासून काढली. आत हात लावला नाही. तेव्हा तूच जिंकलीस म्हण. दाजींना सांगून आलोय, दाराच्या दुसऱ्या अंगाला नवा हौद बांधायचा, शहाबादी फरशीचा, नितळ पाण्याचा, वर झाकण असलेला, आल्यागेल्या बैलाला अन् माणसाला पाणी प्यायला. शेवाळाचा जुना हौद शेवाळाला. फरशीसाठी आज मनीऑर्डर करायलोय, एकशे साठ रुपये.